शिबिरातली झोप : केरी-सत्तरीच्या प्रकल्प नोंदी

10 नोव्हेंबर 2024, रविवार

गेल्या जानेवारीत आमच्या शाळेचे निसर्ग शिबिर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, केरीजवळ झाले, त्याचे कागद आज पुन्हा काढले. बावीस मुले, एक रात्र, आणि कार्यक्रमपत्रिकेत भरगच्च बाबी: पक्षिनिरीक्षण, झऱ्याचे पाणी तपासणे, पानांचे ठसे, आकाशदर्शन. त्यात झोपेची ओळ शोधली. ती अशी होती: 'रात्री 11.30 नंतर विश्रांती.' अंथरायला काय, तंबू कुठे, उठायचे किती वाजता, यातले काहीच लिहिलेले नाही.

झालेही तसेच. पहाटे चारला निम्मी मुले तंबूबाहेर कुडकुडत बसली होती. आठवीतली एक मुलगी धनेश बघायला आली आणि दगडावर बसल्या बसल्या झोपली. ज्या पक्ष्यासाठी ती शिबिरात आली होती, तो डोक्यावरून गेला आणि तिला कळलेही नाही. सातवीतला एक मुलगा पाण्याच्या पाटावरची फळी ओलांडताना पडला, गुडघा फुटला. मी त्याच्या मागेच होतो. त्याचा पाय घसरला नव्हता. चालता चालता डोळे मिटले होते.

हे माझ्या मनातून वर्षभर गेलेले नाही. मुख्याध्यापकांनी यंदा स्पष्ट सांगितले आहे: "मुले झोपतील याची व्यवस्था दाखवा, मग शिबिराला परवानगी." त्यांचे म्हणणे मला पटते. म्हणून हा प्रकल्प. नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या शनिवारी रात्री स्वतः बाहेर झोपून बघायचे, काय चुकते ते लिहायचे आणि जानेवारीत मुलांना न्यायचे.

जागा तीच, केरीजवळचे मावसभावाचे कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बागायत. अभयारण्यात जायचे तर वनखात्याची परवानगी लागते आणि रात्रीच्या मुक्कामाचे नियम वेगळे. खाजगी बागायतीत निदान मांगराचे (बागेतल्या झोपडीवजा घराचे) छप्पर, पाणी आणि शौचालय हाताशी आहे.

16 नोव्हेंबर, शनिवार (लिहिले रविवारी सकाळी)

पहिली रात्र. मुद्दाम गेल्या वर्षीच्याच जागी तंबू लावला, ओहोळाच्या काठी, पोफळींच्या मधल्या सपाट तुकड्यावर. दिसायला ही जागा फार सुंदर. पाण्याचा आवाज, वर झाडांच्या शेंड्यांतून त्रिपुरारीच्या दुसऱ्या दिवसाचा चंद्र.

साडेदहाला पाठ टेकली. मित्राकडून मागून आणलेली स्लीपिंग बॅग हिमालयातल्या ट्रेकची, शून्य अंशासाठी बनवलेली. साडेअकराला घामाने बनियन भिजला. चेन उघडून अर्धा बाहेर आलो. दीड वाजता तोच ओला बनियन बर्फासारखा गार लागून जाग आली. थर्मामीटर: 18.4 अंश, आर्द्रता 97 टक्के.

बॅटरी लावली तेव्हा दिसले की तंबूच्या आतल्या कापडावर मोहरीएवढे थेंब दाटले आहेत, एकाला एक चिकटून. बोटाने नुसता स्पर्श केला. एक थेंब घरंगळला, वाटेतले चार पोटात घेत मोठा झाला आणि टपकन माझ्या कानात पडला. मग पायाकडे हात फिरवला. बॅगेचे टोक कापडाला टेकले होते, तिथे ते पिळून काढावे इतके ओले. पाऊस नव्हता, छत गळत नव्हते. हे सगळे पाणी माझेच. माणूस रात्रभरात श्वासातून आणि अंगातून कपभरापेक्षा जास्त पाणी सोडतो, आणि मी डासांच्या भीतीने दोन्ही दारे घट्ट लावली होती. एका माणसाची ही गत, तर गेल्या वर्षी एकेका तंबूत चार मुले होती.

तीननंतर झोप नाहीच.

23 नोव्हेंबर, शनिवार

तंबू वर नेला, मांगरापुढच्या खळ्याच्या कडेला. ओहोळापासून ही जागा साधारण बारा मीटर उंच. एवढ्याने काय फरक पडणार असे मावसभावाला वाटले. मलाही खात्री नव्हती, म्हणून दोन थर्मामीटर ठेवले, एक खाली पोफळीला बांधला, एक वर. पहाटे पाचला खाली 16.9, वर 18.7. जवळपास दोन अंश. रात्री जमीन निवते तशी तिला लागलेली हवाही गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उतार धरते. वाघेरी डोंगराच्या उतारावरून निघालेली गार हवा आमच्या ओहोळात येऊन साचते. गेल्या वर्षी आम्ही मुलांना नेमके त्या गारव्याच्या तळ्यात झोपवले होते.

दुसरा बदल झाडाचा. खळ्याच्या कडेला जुना फणस आहे, त्याच्या पसाऱ्याखाली एक तंबू लावला आणि दुसरा उघड्यावर, आकाशाखाली. निरभ्र रात्री तंबूचे छत आपली उष्णता थेट आकाशात सोडते, भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडते आणि त्याच्यावर दहिवर धरते. मध्ये फांद्या-पाने असली की ते बरेच टळते. सकाळी उघड्यावरच्या तंबूवर हात फिरवला तर तळवा निथळला. फणसाखालचा फक्त दमट होता.

झाड निवडताना मात्र मान वर करून पाहायला हवे. सुकलेली फांदी दिसली तर तिच्याखाली मुळीच नाही. माडाखाली तर नाहीच नाही, नारळाचे आणि चुडताचे भय डोक्यावर घेऊन कोणी झोपू नये. फणसाची एक वाळकी फांदी भावाने दुपारी कोयत्याने उतरवली, मगच तंबू ठोकला.

फणसाखालच्या तंबूला या वेळी आतली जाळी पूर्ण बंद आणि बाहेरचे कापड दोन्ही बाजूंनी गुंडाळून ठेवले. वारा आरपार जात होता. आतल्या कापडावर थेंब जवळजवळ नव्हतेच. साडेचार तास सलग झोप लागली. मग जाग आली ती वेगळ्या कारणाने: कमरेखालून गार.

24 नोव्हेंबर, रविवार

कमरेखालच्या गारव्यावर आज दिवसभर काम केले. खरे तर या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत मोठा विषय हाच आहे असे मला आता वाटते.

आपण थंडी म्हटली की पांघरूण वाढवतो. पण पांघरूण ऊब देते ते त्यात अडकलेल्या हवेमुळे. स्लीपिंग बॅगचा जो भाग अंगाखाली येतो तो आपल्याच वजनाने चेपतो, हवा निघून जाते आणि उरते दोन पातळ कापडे. त्याखाली जमीन. जमीन कितीही ऊब शोषून घेते, ती कधी तापत नाही. वर दोन रजया घेतल्या तरी खालून गळती चालूच. गेल्या वर्षीच्या मुलांनी एकमेकांची पांघरुणे ओढून भांडणे केली होती. त्यांना वर पांघरूण कमी नव्हते, खाली अंथरूण नव्हते.

भाड्याच्या तंबूंबरोबर ज्या मॅट येतात त्या जेमतेम बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीच्या. त्या पुरणार नाहीत. बावीस-चोवीस मुलांना चांगल्या फोमच्या मॅट विकत घ्यायला शाळेकडे पैसे नाहीत. मग घरात, बाजारात काय आहे ते पाहिले.

भाताचा पेंढा गोणपाटात भरून शिवला. ऊब फार छान, पण टोचतो, धूळ उडते आणि आमच्या एका मुलाला दमा आहे. शिवाय पेंढा साठवलेल्या ठिकाणी उंदीर येतात आणि उंदरामागून येणारे आणखी काही. बाद.

घोंगडी उत्तम, पण चोवीस घोंगड्या कुठून आणणार?

मग दुकानामागे रचलेले पुठ्ठ्याचे खोके दिसले. जाड, आत नागमोडी कागद असलेले. त्या नागमोडीच्या पन्हळींमध्ये हवाच अडकलेली असते. दुकानदाराने हसत हसत आठ खोके दिले. उलगडून, दोन थर, पन्हळी एकमेकींना आडव्या येतील असे ठेवले. खाली प्लॅस्टिकचा कागद, जमिनीची ओल वर येऊ नये म्हणून. वर आईची जुनी वाकळ, चार लुगड्यांची शिवलेली. दुपारी सिमेंटच्या गार व्हरांड्यावर दहा मिनिटे त्यावर पडलो. उठून वाकळेखाली हात घातला तर पुठ्ठा कोमट होता. म्हणजे माझी ऊब माझ्याकडेच राहिली होती.

पुठ्ठ्याची एकच अट, तो कोरडा राहिला पाहिजे. भिजला की लगदा.

30 नोव्हेंबर, शनिवार

पुठ्ठा आणि वाकळ, फणसाखाली, जाळी बंद, कापड वर. वर फक्त सोलापुरी चादर आणि पहाटेसाठी उशाशी एक पातळ ब्लँकेट. हिमालयाची बॅग परत केली. गोव्यातल्या रात्रीला ती लागतच नाही. आपल्याकडे रात्रीचा पहिला प्रहर उबदार आणि शेवटचा गार, त्यामुळे एका जाड पांघरुणापेक्षा दोन पातळ बरी. अंगात सुती, झोपण्यापूर्वी बदललेले कपडे. दिवसभराचे घामाचे कपडे घालून झोपले की पहाटे तेच गार फडक्यासारखे अंगाला चिकटतात.

साडेपाच तास. कूस बदलताना जाग आली, पण पुन्हा लागली. खांदा आणि कंबर थोडी दुखली, कुशीवर झोपणाऱ्याला हे होणारच. पुढच्या वेळी कमरेखालची माती बशीएवढी उकरून पाहीन.

अमावास्येजवळची रात्र, डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही असा काळोख. मला वाटते झोपेला त्याची मदतच झाली.

7 डिसेंबर, शनिवार

आज बाहेर झोपलो नाही, वाचन केले.

नव्या जागी पहिल्या रात्री झोप का लागत नाही यावर अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, बारीक आवाजालाही तो पटकन जागा होतो. पहारेकऱ्यासारखा. पुढच्या वेळी त्याच जागी झोपले की हा फरक जातो.

हे वाचल्यावर मी वही मिटून बराच वेळ बसलो. आमचे शिबिर एका रात्रीचे असते. म्हणजे दर वर्षी आम्ही मुलांना फक्त ती पहारेकऱ्याची रात्र देतो, आणि ज्या दिवशी त्यांचा मेंदू ही जागा ओळखीची मानायला तयार होतो, त्याच दिवशी त्यांना बसमध्ये घालून घरी पाठवतो.

दोन रात्री हव्यात. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सकाळ.

दुसरा अभ्यास 2013 चा, कोलोरॅडो विद्यापीठाचा. आठ माणसे आठवडाभर रॉकी पर्वतात तंबूत राहिली, टॉर्च नाही, फोन नाही, उजेड फक्त सूर्याचा आणि शेकोटीचा. त्यांच्या शरीरातले झोपेचे घड्याळ सुमारे दोन तास आधी सरकले. दिवसा भरपूर ऊन आणि रात्री अंधार, एवढ्यावर. आम्ही गेल्या वर्षी खळ्यावर अकरापर्यंत हॅलोजन जाळला होता.

सोमवारी मुख्याध्यापकांशी बोललो (ही नोंद 9 तारखेला जोडतो आहे). दुसऱ्या रात्रीचा खर्च, पालकांची संमती, सोबत शिक्षिका कोण, सगळे प्रश्न त्यांनी विचारले. होकार दिला. अट: मुलींच्या तंबूंजवळ दोन बाई असतील आणि आदल्या आठवड्यात शाळेच्या सभागृहात सराव होईल.

14 डिसेंबर, शनिवार

भाचा आणि त्याचे तीन मित्र, चौघे घेऊन गेलो. सगळे सातवी-आठवीतले.

उशी, पुठ्ठा, वाकळ, सगळे होते, तरी दहा वाजून गेले आणि चौघे जागे. मी शेजारच्या तंबूत. कुजबुज ऐकू येत होती. "ऐक, परत." "कोण आहे?" लाकडावर कोणी ठोके मारावेत तसा एकसुरी आवाज कुळागराच्या वरच्या अंगाने येत होता, चुक्-चुक्-चुक्, थांबून पुन्हा. मला तो इतका सवयीचा की ऐकूही आला नव्हता. मग पोफळीची सुकलेली झावळी पडली, धप्प. त्याबरोबर भाचा माझ्या तंबूच्या जाळीशी येऊन उभा.

"मामा, बाहेर कोणीतरी आहे."

चौघांना बाहेर काढले, खळ्यावर बसवले, बॅटरी विझवली. ठोके मारणारा तो रातवा, पक्षी. धप्प झाले ती झावळी, उद्या सकाळी दाखवतो. खसखस होते आहे ती उदमांजराची असेल, पिकलेले फळ शोधत फिरते. दूरची गुरगुर म्हणजे चोर्ला घाट चढणारा ट्रक, गिअर बदलतो आहे. एकेका आवाजाला नाव मिळत गेले तसे त्यांचे खांदे खाली आले. वीस मिनिटांनी आत गेले आणि अकराच्या आधी चारही झोपले.

शिबिरात हे झोपण्यापूर्वी करायचे, भीती वाटल्यावर नव्हे. आकाशदर्शनाच्या जागी नव्हे, त्याच्याबरोबरच: पंधरा मिनिटे अंधारात गप्प बसून आवाजांची ओळख.

तारीख ठरवताना आजूबाजूच्या गावांच्या जत्रा पाहून घेतल्या. जत्रेचे नाटक म्हणजे आमच्याकडे पहाटेपर्यंतचा मामला. मला स्वतःला ती रात्र फार प्रिय, पण ती शिबिराची रात्र असू नये.

19 डिसेंबर, गुरुवार, गोवा मुक्तिदिन

झेंडावंदन झाल्यावर नववीतली सहा मुले घेऊन साखळीच्या बाजारात फिरलो. एकसष्ट पुठ्ठे. औषधांच्या दुकानांतले सर्वांत स्वच्छ, फळांचे घेतले नाहीत, मुंग्या येतात. शाळेच्या माडीवर कोरड्यात रचले. मुलांनी आपली नावे लिहून पुठ्ठे ठरवूनही टाकले.

21 डिसेंबर, शनिवार

ही नोंद पालकांनाही वाचायला देणार आहे, म्हणून सविस्तर.

गोचिडी. सत्तरीत माकडतापाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला 1957 मध्ये, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात. 2015 पासून आमच्या तालुक्यातही त्याचे रुग्ण आढळले आहेत. रानातल्या बारीक गोचिडी चावल्याने तो होतो आणि त्याचे दिवस म्हणजे कोरडे महिने, साधारण डिसेंबर ते मे. आमचे शिबिर नेमके त्यात येते. म्हणून आरोग्य केंद्रात जाऊन विचारले. मेलेले माकड ही या तापाची आगाऊ खूण, आणि या परिसरात तसे माकड सापडल्याची नोंद सध्या नाही. शिबिराच्या आठवड्यात पुन्हा विचारून जायचे. नोंद निघाली तर शिबिर रद्द, यात चर्चा नाही.

बाकी काळजी अशी. रानात आत जायचे नाही, पक्षिनिरीक्षण खळ्यावरून आणि रस्त्यावरून. काजूच्या बागेतल्या पाचोळ्यावर बसायचे नाही. खळे आणि तंबूंभोवतीची दहा पावलांची जागा आधीच झाडून काढायची. उघड्या अंगाला आरोग्य केंद्रातून मिळणारे तेल. पूर्ण बाह्या, मोज्यात खोचलेली पँट. संध्याकाळी गरम पाण्याने अंघोळ आणि त्या वेळी काखा, जांघा, कानामागे, केसांत नीट तपासणी. दिवसाचे कपडे तंबूत आणायचे नाहीत. शिबिरानंतर ताप आला तर डॉक्टरांना 'सत्तरीत कुळागरात मुक्काम होता' हे सांगायचेच.

साप. नाग आणि घोणस सगळ्यांना माहीत असतात. झोपणाऱ्यासाठी खरा धोका मण्यारचा. तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो, आणि दंश कित्येकदा इतका बारीक की जागही येत नाही, सूजही दिसत नाही. यावर साधा उपाय आहे: तळ शिवलेला तंबू, जाळीची चेन नेहमी, अगदी दिवसासुद्धा, शेवटपर्यंत लावलेली. उघड्यावर झोपायचे असेल तर खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. चपला-बूट तंबूच्या आत, पिशवीत. तंबूत खाऊ नाही, खाऊमागे उंदीर, उंदरामागे साप. रात्री उठलेले मूल एकटे जाणार नाही, बॅटरीशिवाय पाऊल टाकणार नाही. दंशाची नुसती शंका आली तरी बांधणे-कापणे काही न करता, हालचाल न होऊ देता 108 ला फोन.

कुळागर राखणारे आबा नारळाच्या सोडणांची धुरी करा म्हणून आग्रह धरून होते. संध्याकाळी करून पाहिली. डास थोडे पांगले हे खरे, पण धूर खळ्यावर साचून राहिला आणि मलाच खोकला लागला. दम्याच्या मुलाचे काय होईल? धुरी नको, जाळी पुरे, असे त्यांना सांगितले. त्यांना ते फारसे रुचले नाही. मात्र तंबूत किंवा तंबूच्या दाराशी निखारे ठेवायचे नाहीत याबद्दल मी त्यांच्याशी आवाज चढवून बोललो. बंद जागेत निखाऱ्यांचा वायू वास न येता माणूस मारतो. नंतर मी त्यांची माफी मागितली, आवाजाबद्दल. मुद्दा तोच ठेवला.

28 डिसेंबर, शनिवार

जेवण. गेल्या वर्षी रात्री दहाला झणझणीत शाकुती केली होती. मुलांना आवडली, पण पोट काम करत असताना आणि अंग तापलेले असताना झोप येत नाही. यंदा शाकुती दुपारी. रात्री सातला उकड्या तांदळाची पेज, खोबऱ्याची चटणी, भाजी.

पाणी. कित्येक मुली रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे सोबतच्या बाईंनी सांगितल्यावर मला कळले. माझ्या लक्षातच आले नसते. शौचालयाच्या वाटेवर जमिनीलगत मंद लाल दिवे लावायचे ठरले, आणि दर तंबूतल्या मुलींची जोडी आधीच ठरवायची. लाल कागद बॅटऱ्यांनाही लावणार, त्या उजेडाने झोप कमी मोडते.

पाय. झोपण्यापूर्वी गरम पाण्यात पाय बुडवून, कोरडे पुसून, कोरडे मोजे. पाय उबदार झाले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाच्या आतली उष्णता बाहेर पडते आणि आतले तापमान उतरायला लागले की झोप येते. आई लहानपणी रोज पाय धुवायला लावायची.

3 जानेवारी 2025, शुक्रवार

सभागृहात सराव. चोवीस मुले. भाड्याचे तंबू आज मुद्दाम मागवून प्रत्येक उघडला. सहापैकी दोन तंबूंच्या जाळीच्या चेन मधूनच सुटत होत्या. मण्यारबद्दल वर जे लिहिले ते लिहून झाल्यावर असा तंबू मुलांना देणे मला शक्य नाही. भाड्याने देणारा म्हणाला, "एका रात्रीचे काय एवढे, पिना लावा." मला राग आला. बदलून दिल्याशिवाय पैसे नाही म्हटले. बुधवारी बदलून मिळाले (ही ओळ नंतर जोडली). दिवसाउजेडी प्रत्येक चेन दोनदा लावून-काढून बघितल्याशिवाय कोणीही तंबू घेऊ नये.

मुलांनी घरची उशी आणली होती. घरची उशी, घरचा वास. काहींनी उशीच्या खोळीत कपडे भरून आणले, तेही चालते.

10 जानेवारी, शुक्रवार, पहिली रात्र

पौर्णिमा तीन दिवसांवर, चांदणे लख्ख. फणसाच्या सावलीत चारच तंबू बसले. उरलेल्या दोन तंबूंवर, छतापासून हातभर उंच, काळी ताडपत्री ताणून बांधली, चांदणे आणि दहिवर दोन्ही अडले.

9.40 ला दिवे बंद. फेऱ्या मारल्या: अकराला नऊ मुले जागी, दोनला तीन, पाचला चार. पहाटे पाचला 15.8 अंश. सहावीतली एक मुलगी बाराच्या सुमारास रडत होती, आईची आठवण. बाई तिच्याजवळ जाळीबाहेर स्टूल टाकून बसल्या, बोलल्या नाहीत, नुसत्या बसल्या. वीस मिनिटांत झोपली.

उठवण्याची वेळ सहाची ठेवलेली होती. ती सातची केली. सूर्योदयच सातनंतर आहे.

11 जानेवारी, शनिवार, दुसरी रात्र

दिवसभर ऊन आणि चालणे. दुपारी झोपू दिले नाही, फक्त अर्धा तास सावलीत पडायला सांगितले. 9.30 ला दिवे बंद. आवाजांच्या वेळी रातवा बोलला आणि तीन-चार मुलांनी एकदम त्याचे नाव घेतले.

अकराला फेरी मारली. पहिल्या तंबूशी थांबलो, दुसऱ्याशी, सहाव्याशी. कुजबुज नाही, कापडाची सळसळ नाही. पुठ्ठ्यावर कूस वळल्याचा एक खरखर आवाज आला आणि पुन्हा शांत. एकाच तंबूत एक मुलगा जागा होता, त्याने हळूच विचारले, "सर, तुम्ही झोपला नाहीत?" दोनच्या फेरीला तोही झोपलेला. पाचला सगळे.

12 जानेवारी, रविवार

गेल्या वर्षी दगडावर झोपलेली ती मुलगी, आता नववीत, न उठवता पावणेसातला खळ्यावर येऊन बसली. दुर्बीण गळ्यात. धनेश डोक्यावरून गेले नाहीत. साडेसातच्या सुमारास ओहोळापलीकडून, लांबून आवाज आला. आम्ही सगळे अजून कान देत होतो, तोपर्यंत तिने वहीत वेळ लिहिली होती.

सकाळी प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला सांगितले, नाव न घालता: पहिल्या रात्री किती वेळा जाग आली, दुसऱ्या रात्री किती. चिठ्ठ्या अजून मोजायच्या आहेत. एक वरच दिसली: 'पहिली रात्र 6, दुसरी 1 (लघवी).'

14 जानेवारी, मंगळवार

तंबू शाळेच्या मैदानात पूर्ण उलटे करून दोन दिवस उन्हात वाळवले, मग घडी. ओले घातले तर बुरशी धरते. चोवीस वाकळी घरोघर परत. तीन पुठ्ठे दमट होते, ते टाकले. बाकीचे माडीवर, नावे तशीच ठेवून.

आरोग्य केंद्रातला तापाचा कागद मुलांच्या डायरीत चिकटवला. पुढचे तीन आठवडे रोज सकाळी हजेरीच्या वेळी विचारायचे.

कमरेखालची माती उकरून पाहण्याचे राहूनच गेले. फेब्रुवारीत एक रात्र काढून ते बघतो.